ती सख्खी नव्हती, एवढ्यावर सुटका होत नाही

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘रन’ हा इंग्रजी रहस्यपट आता काही नवा राहिलेला नाही. तरीही असे चित्रपट आपल्याकडच्या टीव्हीवर आणि मोबाईलवर सावकाशीनेच पोहोचतात, आणि गेल्या काही महिन्यांत आमच्या शहापूर-वडगाव भागात, महिला मंडळाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीतसुद्धा, या चित्रपटातील आईबद्दल बरेच बोलणे माझ्या कानावर आले. मी बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेली आहे. चित्रपटाचा विषय माझ्या कामाच्या अगदी जवळचा असल्यामुळे ही मते मी लक्षपूर्वक ऐकली, आणि त्यांतील एक मत मला इतके बोचले की आपल्या वाचकांसमोर त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. या पत्रात कथेचा शेवटही येणार आहे. ज्यांना चित्रपट अजून पाहायचा आहे त्यांनी तो आधी पाहावा आणि मग पुढे वाचावे, ही विनंती.

ज्यांनी तो पाहिलेला नाही आणि पाहणारही नाहीत, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. क्लोई ही १७ वर्षांची मुलगी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका एकाकी घरात आई डायनसोबत राहते. जन्मतःच अशक्त असलेल्या या मुलीला हृदयाचे अनियमित ठोके, रक्तातील लोहाचा विकार, दमा, मधुमेह आणि कमरेखालचा लुळेपणा असे पाच आजार असल्याचे आपल्याला सुरुवातीलाच सांगितले जाते. तिचे शिक्षण घरीच चालते, औषधे आई देते, आणि विद्यापीठातील प्रवेशाचे पत्र येईल म्हणून मुलगी रोज टपालाची वाट पाहते. मात्र टपाल नेहमी आधी आईच्याच हाती पडते. एके दिवशी बाजारहाटाच्या पिशवीत क्लोईला हिरव्या गोळ्यांची बाटली दिसते आणि तिच्यावर आईचे नाव असते. पुढे तीच बाटली मुलीच्या नावाची चिठ्ठी चिकटवून तिच्यासमोर येते. ही गोळी नेमकी कशाची, एवढे शोधण्यासाठी त्या मुलीला जे करावे लागते, त्यावर सारा चित्रपट उभा आहे. इंटरनेट बंद केलेले असते, म्हणून ती अनोळखी माणसाला फोन लावून त्याच्याकडून माहिती काढते. आईची नजर चुकवून औषधाच्या दुकानात पोहोचते आणि तेथे तिला कळते की आपण गिळतो आहोत ते कुत्र्यांना देण्याचे औषध आहे आणि माणसाने घेतले तर पाय बधिर होतात. अनीश चगंती या भारतीय वंशाच्या तरुण दिग्दर्शकाने हे सारे सुमारे दीड तासात मांडले आहे. मे २०२० मध्ये मातृदिनाच्या सुमारास हा चित्रपट अमेरिकेच्या चित्रपटगृहांत लागणार होता. करोनामुळे ते राहिले आणि २० नोव्हेंबर २०२० रोजी तो तेथे थेट ऑनलाइन आला. क्लोईची भूमिका करणारी किएरा ॲलन प्रत्यक्ष आयुष्यातही चाकाच्या खुर्चीचा वापर करते. अपंग पात्रासाठी अपंग कलावंत घेतल्यामुळे काय फरक पडतो, हे छपरावरून सरपटत जाण्याच्या प्रसंगात ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको.

आता मतांकडे वळते. काहींना चित्रपट अतिरंजित वाटला, आणि काही प्रसंगांपुरते ते खरेही आहे. काहींना डायनची भूमिका करणाऱ्या सारा पॉलसनच्या अभिनयाने झोप लागली नाही. तेही मी समजू शकते. परंतु बहुतेकांचे बोलणे फिरून एकाच ठिकाणी येत होते. “आई म्हटल्यावर असं करंल व्हय?” असा प्रश्न कोणी तरी विचारायचे, आणि मग दुसरे कोणी तरी सुटकेच्या स्वरात उत्तर द्यायचे की ती तिची खरी आई नव्हतीच. कथेत तळघरातील कागदांतून उलगडते की डायनचे स्वतःचे बाळ जन्मानंतर अवघ्या दोन तासांत गेले आणि तिने त्याच रुग्णालयातून दुसऱ्याचे निरोगी बाळ पळवले. एवढे कळल्यावर बैठकीतील वातावरण एकदम सैल व्हायचे. सख्खी नव्हती, म्हणूनच असे वागली, विषय संपला.

माझा आक्षेप येथेच आहे. पहिली गोष्ट अशी की ज्यांच्या घरी दत्तक मूल आहे अशी कुटुंबे आपल्या बेळगावात, खानापुरात, निपाणीत आहेत, आणि त्या बायकाही याच बैठकांत बसलेल्या असतात. डायनने मूल दत्तक घेतले नव्हते, चोरले होते. कायदेशीर दत्तकविधानात न्यायाची, चौकशीची आणि समाजाच्या डोळ्यांसमोर होणारी जी प्रक्रिया असते तिचा येथे मागमूसही नाही. तरीही बोलण्याच्या ओघात चोरलेले मूल आणि मांडीवर घेतलेले मूल यांतील फरक पुसला जातो आणि “सख्खी नाही” हा ठपका सरसकट बसतो. कृष्णाला वाढवणाऱ्या यशोदेच्या ओव्या म्हणणाऱ्या आपल्या बायकांनी तरी असे बोलू नये, असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. सख्खी आई असे करीत नाही, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. ‘रन’ची कथा कल्पित आहे, परंतु अमेरिकेतील मिझुरी राज्यात घडलेले जिप्सी रोझ ब्लँचर्डचे प्रकरण कल्पित नाही. तिची जन्मदात्री आई डी डी हिने या धडधाकट मुलीला वर्षानुवर्षे चाकाच्या खुर्चीत बसवले, तिला रक्ताचा कर्करोग आणि स्नायूंचा आजार असल्याचे लोकांना सांगितले, तिचे केस काढून टाकले, पोटात नळी घालवून घेतली आणि वयसुद्धा कमी करून सांगितले. २००५ च्या चक्रीवादळात आधीची कागदपत्रे वाहून गेली, असे ती सांगत असे आणि लोक विश्वास ठेवत असत. शेजाऱ्यांना ती आदर्श आई वाटत होती. धर्मादाय संस्थेने त्यांना घरही बांधून दिले. जून २०१५ मध्ये त्या आईचा खून झाला. तो मुलीने आपल्या मित्राकरवी घडवून आणला होता. मुलीला १० वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती पॅरोलवर बाहेर आली. या मुलीला किती डॉक्टरांनी तपासले, किती परिचारिकांनी तिच्या हाताला सुई लावली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. रक्ताचे नाते तेथे होते, आणि त्या नात्यानेच सगळ्यांचे डोळे झाकले होते.

वैद्यकशास्त्राला हा प्रकार फार पूर्वीपासून ठाऊक आहे. स्वतःच्या आजाराच्या खोट्या कथा रचून रुग्णालये फिरणाऱ्या माणसांना ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९५१ मध्ये एका थापाड्या सरदाराच्या नावावरून मुन्खहाउझेन हे नाव दिले. पुढे १९७७ मध्ये बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली आणि आपल्या मुलाला असे आजारी दाखवण्याच्या प्रकाराला ‘मुन्खहाउझेन बाय प्रॉक्सी’ असे नाव दिले. त्यांतील एका मुलीच्या लघवीत दोष सापडत होता. तिच्यावर अनेक तपासण्या आणि उपचार झाले होते, परंतु आईचा हात लागू न देता परिचारिकांनी स्वतः गोळा केलेले नमुने स्वच्छ निघाले. दुसऱ्या बाळाच्या शरीरात मीठ वाढत होते आणि शेवटी ते बाळ दगावले. २०१३ पासून मानसोपचारातील वर्गीकरणात हे निदान मुलाच्या नावावर न मांडता ते करणाऱ्या व्यक्तीच्या नावावर मांडले जाते, आणि हे मला फार योग्य वाटते, कारण मूल आजारी नसतेच; त्याला आजारी केले जाते किंवा तसे दाखवले जाते. असे करणाऱ्यांत बहुतेक वेळा आई असते, याचे एक साधे कारण असे की आजारी मुलाची उसाभर जगभर बहुतेक वेळा आईवरच पडते. वडिलांची फेरी संध्याकाळी, आणि आई मात्र खाटेशेजारी रात्रंदिवस, हे चित्र मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिले.

येथे मला दुसऱ्या टोकाच्या मताबद्दलही लिहिले पाहिजे. चित्रपट पाहिल्यावर काही तरुण मंडळी असे बोलू लागली की मुलाच्या आजारपणात जरा जास्त गुंतलेली प्रत्येक आई संशयास्पद असते. याच रॉय मेडो यांची पुढची कहाणी या मंडळींना माहीत असायला हवी. इंग्लंडमधील सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही बाळे १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली आणि त्यांच्यावर खुनाचा खटला झाला. अशी दोन मुले नैसर्गिकरीत्या जाण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक इतकीच असते, असे मेडो यांनी न्यायालयात साक्षीत सांगितले. तो हिशेबच चुकीच्या पायावर होता, कारण एकाच घरातील दोन मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरता येत नाही. १९९९ मध्ये दोषी ठरलेल्या सॅली क्लार्क २००३ मध्ये निर्दोष सुटल्या, पण त्या धक्क्यातून सावरल्या नाहीत आणि २००७ मध्ये वारल्या. ज्यांनी या छळाला नाव दिले त्यांच्याच तोंडून एका निरपराध आईचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. म्हणून माझे वाचकांना कळकळीचे सांगणे आहे की आपल्या शेजारच्या मतिमंद किंवा अपंग मुलाला पाठुंगळी घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईकडे या चित्रपटाच्या चष्म्यातून पाहू नका. खरा आजार असलेल्या मुलांच्या आया शेकड्यांनी आहेत, त्या थकलेल्या आहेत, चिडचिड्याही होतात, आणि त्यांना आपल्या मदतीची गरज आहे.

मग चित्रपटातून घ्यायचे काय? मला वाटते, आपले प्रेक्षक आईच्या मनातच फार वेळ अडकले. ती वाईट की वेडी, सख्खी की चोर, प्रेमापोटी की स्वार्थापोटी, याचा कीस पाडताना त्या घराची व्यवस्था कशी होती हे पाहायचे राहून गेले. औषध एकीच्याच हातात, टपाल एकीच्याच हातात, फोन आणि इंटरनेट एकीच्याच हातात, डॉक्टरांपुढे बोलणारे तोंडही एकीचेच. अशी व्यवस्था असली की आतले माणूस प्रेमळ आहे की क्रूर, हे बाहेरच्याला कळण्याची सोयच उरत नाही. आणि बाहेरचे एखादे दार किलकिले झाले की काय होते, तेही दिग्दर्शकाने दाखवले आहे. अनोळखी माणूस फोनवर गोळीचे वर्णन वाचून दाखवतो. औषधविक्रेती रांगेतल्या मुलीला खरे ते सांगते. टपाल वाटणारा माणूस आईचे ऐकून पुढे न जाता मुलीचे ऐकतो आणि तिला आपल्या गाडीत घेतो. त्याची किंमत त्याला मोजावी लागते. आणि शेवटी रुग्णालयात, घशात नळी असल्यामुळे बोलू न शकणाऱ्या क्लोईला एक परिचारिका लिहायला कागद देते. एवढ्या थरारक चित्रपटात मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रसंग हाच आहे, आणि त्याबद्दल बैठकीत एकानेही अवाक्षर काढले नाही याचे मला वाईट वाटले.

रुग्णालाच विचारणे, हे ऐकायला सोपे आहे. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात ते किती घडते? सकाळी केस पेपरची रांग, आत डॉक्टरांपुढे गर्दी, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला “काय होतंय?” असे विचारले की उत्तर सोबतचे माणूस देते. पोटात कुठे दुखते हेसुद्धा तेच दाखवते. मुलगी खाली मान घालून उभी. आपल्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. बेळगावच्या रुग्णालयांत खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचे, पलीकडच्या चंदगडचे, गोव्याचेही रुग्ण येतात. त्यांतील अनेकांना मराठी किंवा कोकणीच येते. समोरची परिचारिका हुबळी-धारवाड किंवा विजापूरकडची असली तर तिला कन्नड येते, मराठी मोडकीतोडकी समजते. अशा वेळी घरातले ज्याला दोन्हीकडचे बोलता येते तो रुग्णाचे तोंड बनतो. तो सांगेल तीच लक्षणे, तो सांगेल तोच इतिहास, आणि डॉक्टरांनी दिलेली सूचनाही तो सांगेल तितकीच रुग्णापर्यंत पोहोचते. शंभरांतल्या नव्व्याण्णव घरांत तो माणूस प्रामाणिकच असतो. तरीही सुनेचे दुखणे सासूने सांगावे, मुलीचे आईने, आणि म्हातारीचे मुलाने, ही पद्धत पडली की ज्याचे दुखणे आहे त्याचा शब्द कोणी ऐकतच नाही. हा भाषावादाचा मुद्दा नाही, तो ज्याचा त्याने आपापल्या व्यासपीठावर मांडावा. रुग्णाची भाषा बोलणारी, घरातली नसलेली एक व्यक्ती प्रत्येक मोठ्या रुग्णालयात सकाळच्या वेळी उपलब्ध ठेवणे आणि किशोरवयीन रुग्णाला थोडा वेळ तरी सोबतच्या माणसाशिवाय तपासणे, एवढेच मला म्हणायचे आहे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, त्यात मुलांशी खासगीत बोलण्याची अपेक्षा आहेच. ती कागदावरून तपासणीच्या खोलीत यावी.

औषधांबाबत आपली स्थिती चित्रपटापेक्षा काही बाबतींत बरी आहे. तिकडे गोळ्या बाटलीत मोजून मिळतात आणि त्यावर रुग्णाच्या नावाची चिठ्ठी असते; ती खरवडून दुसरी लावली की गोळी निनावी झाली. आपल्याकडे बहुतेक गोळ्या कंपनीच्या पाकिटातच येतात आणि प्रत्येक पाकिटावर नाव, मुदत छापलेली असते. काही औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावासह वेगळ्या वहीत ठेवून ती तीन वर्षे जपायची, असा नियम २०१४ पासून लागू आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. पण मेडिकलमध्ये चार गोळ्या कातरून कागदी पुडीत घालून दिल्या जातात, घरी त्या डब्यात ओतल्या जातात, आणि “ही पांढरी सकाळी, ही गुलाबी रात्री” एवढ्यावर वर्षे निघून जातात. आपण काय गिळतो हे ज्याला माहीत नाही असा माणूस, त्याच्या घरचे कितीही चांगले असले तरी, धोक्यात असतो. ती व्यक्ती उद्या बेशुद्ध पडली तर आम्हाला काय सांगणार? आईवडिलांनी बारा वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या औषधाचे नाव पाठ करायला लावावे, असे मी नोकरीत असताना सांगत आले आणि आजही सांगते.

टपालाची गोष्टही जुन्या काळातली मानू नये. तळघरात दडवलेले विद्यापीठाचे पत्र पाहून आमच्या मंडळात सगळ्या हळहळल्या. आता आपल्या मुलींचे पी.यू. (बारावी) नंतरचे प्रवेश पाहा. सीईटीचा अर्ज, महाविद्यालयाचा अर्ज, शिष्यवृत्ती, सगळीकडे मोबाईल क्रमांक घरच्यांचा, ओटीपी घरच्यांच्या फोनवर, आणि निकालाचा संदेशही तेथेच. मुलगी धारवाडला किंवा कोल्हापूरला शिकायला जाऊ नये असे एखाद्या घराने ठरवले तर त्याला पत्र लपवण्याचीही गरज नाही, संदेश पुसला की झाले. मुलीच्या काळजीपोटीच हे होते, असे मला उत्तर मिळेल. ते मी नाकारत नाही. डायनसुद्धा काळजीच घेत होती. सकाळचा नाश्ता, अभ्यास, व्यायाम, औषधांच्या वेळा, यांत तिने कधी कसूर केली नव्हती. अपंग मुलींच्या बाबतीत तर हे फारच घडते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वाला मान्यता दिली आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. त्या जागांपर्यंत मुलगी पोहोचण्याआधीच “तुला झेपणार नाही” हे वाक्य घरात उच्चारलेले असते. शारीरिक अपंगत्व असलेल्या १८ वर्षांवरील व्यक्तीचा निर्णय तिचाच असतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

शेवटाबद्दल मात्र माझे मत बहुतेकांच्या विरुद्ध आहे. सात वर्षांनंतर क्लोई आधार घेत थोडे चालू लागलेली आहे, तिचे स्वतःचे कुटुंब आहे, आणि ती बंदिवासातील अंथरुणाला खिळलेल्या डायनला भेटायला येते. गप्पा झाल्यावर ती तोंडात लपवून आणलेल्या त्याच हिरव्या गोळ्या बाहेर काढते आणि त्या बाईला तोंड उघडायला सांगते. आमच्या मंडळात येथे टाळ्या पडल्या. केले तसे भरले, असे सगळ्यांचे म्हणणे. रहस्यपट म्हणून हा धक्का चतुर आहे यात शंका नाही. परंतु मला त्या क्षणी क्लोईची चिंता वाटली. जिने गोळीचे नाव शोधण्यासाठी जीव धोक्यात घातला, जिने रुग्णालयात पोहोचण्यासाठी घरातले विषारी रसायन प्यायले, ती मुलगी सात वर्षांनी पुन्हा त्याच बाईच्या खाटेजवळ तिच्याच पद्धतीने वागते आहे. अशा छळातून बाहेर आलेल्या मुलाला पुढे अनेक वर्षे उपचारांची आणि माणसांची गरज असते, आणि त्या वर्षांबद्दल चित्रपट काहीच दाखवत नाही. सूड पाहून आपले समाधान झाले. त्या मुलीचे समाधान झाले असेल असे मला वाटत नाही, आणि जिप्सी रोझच्या खऱ्या आयुष्याकडे पाहिले तर तसे वाटण्याचे काही कारणही सापडत नाही.

चर्चेत एका गृहस्थांनी विचारले की आपल्याकडे असे काही दिसले तर करायचे काय, आई-मुलाच्या मध्ये बाहेरच्याने कसे पडायचे? प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर येथे देते. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्या मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असे वागवले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि हा कायदा पालकांनाही लागू आहे. १०९८ हा क्रमांक मुलांसाठी आहे आणि तो मूल स्वतःही फिरवू शकते. महिलांसाठी १८१ आहे. मानसिक त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक सुरू आहे आणि तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मुलांची सेवा करून मेटाकुटीला आलेल्या आईनेही तो फिरवावा, त्यात कमीपणा नाही. मात्र कोणावर संशय असला तर गल्लीत चर्चा करू नये, व्हॉट्सॲपवर तर मुळीच लिहू नये. मुलाला वारंवार दवाखान्यात न्यावे लागते पण निदान होत नाही, सोबतचे माणूस नसताना लक्षणे दिसत नाहीत, डॉक्टर सारखे बदलले जातात, अशा गोष्टी एकत्र दिसल्या तर त्या मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कानावर घालाव्यात आणि निर्णय जाणकारांवर सोडावा. यांतली एकच गोष्ट दिसली तर तिचे शंभर निरुपद्रवी अर्थ असू शकतात.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर हे तीन क्रमांक दर आठवड्याला, मुलांना वाचता येतील अशा ठळक अक्षरांत छापावेत, अशी माझी विनंती आहे. आणि आपल्या भागातील रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना या पत्राद्वारे विचारावेसे वाटते की बारा वर्षांपुढच्या मुलाला तपासताना सोबतच्या माणसाला काही मिनिटे बाहेर थांबवण्याची पद्धत त्यांच्याकडे आहे का, आणि नसेल तर ती कधीपासून सुरू करता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
शहापूर, बेळगाव